नाव देणे आणि नावे ठेवणे

पर्यावरण आणि प्राणी या विषयांवर इंग्रजीतून लिहिता-बोलता यावे म्हणून जी शब्दयादी पाठ केली जाते, ती बहुतेकांच्या परिचयाची आहे. स्पर्धा परीक्षेचा उमेदवार असो की परदेशी शिक्षणासाठी इंग्रजीची चाचणी देणारा विद्यार्थी, 'हॅबिटॅट', 'इकोसिस्टिम', 'वेटलँड', 'वेस्टलँड', 'व्हर्मिन', 'रेक्लमेशन', 'डिग्रेडेड' हे शब्द त्याच्या वहीत एकाखाली एक येतात आणि समोरच्या रकान्यात मराठी अर्थ येतो. वहीत या सगळ्यांचे वजन सारखेच. प्रत्यक्षात मात्र या यादीत दोन वेगवेगळ्या जातींचे शब्द मिसळलेले आहेत. काही शब्द एखादी गोष्ट काय आहे, कशाशी जोडलेली आहे हे सांगतात. काही शब्द ती गोष्ट किती कामाची आहे हे सांगतात, आणि कोणाच्या कामाची हे मात्र सांगत नाहीत. मराठीत नाव देणे वेगळे आणि नावे ठेवणे वेगळे. इंग्रजीतल्या पर्यावरणविषयक शब्दसंपदेत हा फरक वरवर दिसत नाही, कारण नावे ठेवणारा शब्दही साध्या, शास्त्रीय वाटणाऱ्या नामाच्या वेशात येतो. असा शब्द संभाषणात राहिला तर फारसे बिघडत नाही. तो कायद्यात, नकाशात किंवा महसुलाच्या दप्तरात शिरला, की जमिनीचे आणि जनावरांचे नशीब त्याच्या मागून चालू लागते. या प्रकरणात मांडायचा मुद्दा एवढाच आहे, आणि त्यासाठी सर्वांत मोठा पुरावा 'वेस्टलँड' या शब्दाचा आहे.

केंद्र सरकारचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचे राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र मिळून देशातल्या 'वेस्टलँड'चा नकाशासंग्रह काढतात. २०१९च्या आवृत्तीनुसार देशात सुमारे ५ कोटी ५८ लाख हेक्टर जमीन या सदरात मोडते, म्हणजे देशाच्या एकूण क्षेत्रफळाच्या जवळपास १७ टक्के. या जमिनीचे २३ प्रकार पाडलेले आहेत. त्यांत पाण्याने कापलेल्या घळी आहेत, खारपड जमीन आहे, खाणींनी उकरलेली जमीन आहे. इथवर कोणाचीच हरकत असणार नाही. पण त्याच यादीत खुरटी झुडपे असलेली जमीन आहे, चराऊ कुरणे आहेत, दलदलीची जमीन आहे, उघडा कातळ आहे, आणि हिमाच्छादित व हिमनद्यांचा प्रदेशही आहे. ज्या हिमनद्यांच्या पाण्यावर सिंधू, गंगा आणि ब्रह्मपुत्रा उन्हाळ्यात तग धरतात, त्या हिमनद्या या हिशेबात निरुपयोगी जमीन ठरतात. हा कारकुनी घोटाळा नाही. जिथे नांगर चालत नाही आणि झाडांची दाटी नाही ती जमीन 'वेस्ट', अशीच या शब्दाची घडण आहे, आणि ती घडण मान्य केली की हिमनदीला त्या रकान्यात बसवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. नकाशा करणाऱ्यांनी शब्दाशी प्रामाणिक राहून काम केले, खोट मुळात शब्दातच होती.

ही घडण कुठून आली? सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉकने मालमत्तेचा सिद्धांत मांडला, त्यात श्रमाने कसलेली जमीन ही कसणाऱ्याची आणि निसर्गाच्या हवाली सोडलेली जमीन ही वाया गेलेली, अशी विभागणी होती. इंग्लंडमधली गावाची सामायिक कुरणे कुंपण घालून खासगी केली जात होती, त्या काळात हा विचार जमीनदारांच्या चांगलाच पथ्यावर पडला. कंपनी सरकारबरोबर तो इकडे आला. आसामात १८३८ साली 'वेस्टलँड'विषयक नियम झाले आणि त्यांच्या आधारे चहाच्या मळ्यांसाठी गोऱ्या मळेवाल्यांना सवलतीत जमिनी मिळाल्या. तिथे फिरती शेती करणारे, लाकूडफाटा नेणारे, जनावरे चारणारे लोक होतेच. कागदावर जमीन 'वेस्ट' असल्यामुळे त्यांची नोंद घेण्याचे कारण उरले नाही. मुंबई इलाख्यात ही विभागणी रयतवारी मोजणीतून आली. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात नवी पाहणी सुरू केली. मातीची प्रत आण्यांमध्ये ठरवायची आणि तीवरून सारा बसवायचा, अशी ती पद्धत होती. आजच्या सातबारा उताऱ्यावर 'पोटखराब' हा जो शब्द दिसतो, तो त्याच मोजणीच्या कुळातला. सारा वसूल करणाऱ्याला लागवडीलायक क्षेत्र किती एवढेच हवे असते, त्यामुळे बाकीची जमीन 'खराब' म्हणून वजा करणे त्याच्या दृष्टीने बरोबरच होते. अडचण पुढे झाली. सरकारी तिजोरीपुरता असलेला हा हिशेब हळूहळू जमिनीचा स्वभाव मानला गेला.

ज्या इंदापूर तालुक्यात ही मोजणी सुरू झाली, तिथलाच कडबनवाडीचा माळ पाहिला तर 'खराब' म्हणजे नेमके काय वजा झाले ते कळते. पावसाळ्याच्या शेवटी माळावर पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी अशी गवते एकमेकांत मिसळून वाढलेली असतात. मधूनच हिवर, बोर, बाभूळ, तरवड. त्या गवतात चिंकारा चरतो, लांडगा पिले वाढवतो, जमिनीवर घरटे करणारे चंडोल आणि धाविक अंडी घालतात, आणि त्याच गवतावर धनगरांची मेंढरे पोसली जातात. या मेंढरांचा कळप शेतात बसवून घेण्यासाठी शेतकरी धनगराला धान्य किंवा पैसे देतो, कारण लेंडीखताने पुढचे पीक उठून येते. म्हणजे सरकारदप्तरी जी जमीन शेतीच्या बाहेर, ती प्रत्यक्षात शेतीला खत पुरवत असते. माळढोक, तणमोर, काळवीट हे प्राणी तर अशा उघड्या गवताळ प्रदेशाशिवाय जगूच शकत नाहीत. माळढोक धोका दुरून ओळखतो तो नजरेच्या बळावर, त्याला दूरवर मोकळे क्षितिज लागते. झाडी दाट झाली की त्याची ताकदच निकामी होते. सोलापूरजवळच्या नान्नजसह माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले, तरी आज देशभरात हा पक्षी दीडशेच्या आत उरला आहे, आणि महाराष्ट्रात तो दिसणे हीच बातमी होते.

इथे एक जुनी आणि वजनदार हरकत येते. माळ म्हणजे तोडलेले जंगल, अशी समजूत इंग्रज वनाधिकाऱ्यांपासून चालत आली आहे आणि आजही सुशिक्षितांत ती घट्ट आहे. पूर्वी इथे घनदाट अरण्य होते, माणसाने आणि शेळ्यामेंढ्यांनी ते खाल्ले, उरले ते गवत. तसे असेल तर त्याला बिघडलेली जमीन म्हणण्यात चूक काय? पण पुरावा या समजुतीच्या विरोधात जातो. शिवालिक टेकड्यांच्या प्राचीन मातीतल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून असे दिसते, की उष्ण हवेत जोमाने वाढणारी गवते या उपखंडात सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीच मोठ्या प्रमाणावर पसरली होती. तेव्हा कुऱ्हाड तर नव्हतीच, पण आज आपण ज्याला माणूस म्हणतो तोही नव्हता. द्वीपकल्पीय भारताच्या गवताळ प्रदेशांत अशा दोनशेहून अधिक वनस्पती नोंदवल्या गेल्या आहेत ज्या जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत. हजार-दोन हजार वर्षांच्या तोडीतून एवढी स्वतंत्र वनसृष्टी निर्माण होत नाही. तिसरा पुरावा आपल्या घरातला आहे. अलीकडे संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यात आणि ओव्यांत आलेली झाडाझुडपांची नावे तपासली, तेव्हा महानुभाव गद्यापासून पुढे दख्खनच्या या भागाचे जे चित्र उभे राहते ते काटेरी झाडे विखुरलेल्या उघड्या गवताळ मुलखाचे आहे. फार मागे जायचे तर आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'जांगल' हा देशप्रकार सांगितला आहे, तो कोरडा, उघडा, विरळ झाडीचा, हरणांचा प्रदेश, आणि तो आरोग्याला उत्तम मानला आहे. फ्रेंच विद्वान फ्रान्सिस झिमरमान यांनी या शब्दाचा मागोवा घेऊन पुस्तकच लिहिले. 'जांगल'पासून इंग्रजीचा 'जंगल' झाला आणि दाट, ओलसर, भयावह अरण्य असा जवळजवळ उलटा अर्थ घेऊन तो आपल्याकडे परत आला. आता दाट झाडी दिसली नाही की आपल्याला निसर्ग हरवल्यासारखे वाटते.

दुसरी हरकत जास्त व्यवहारी आहे. जमिनी शब्दांमुळे जात नाहीत, पैशामुळे जातात. कारखाना, महामार्ग, सौर प्रकल्प यांना जागा हवी असते, 'वेस्टलँड' हा त्यांचा फक्त बहाणा. हा शब्द पुसला तर ते दुसरा शोधतील. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि हितसंबंध नाकारून शब्दांवर सगळे खापर फोडणे भाबडेपणाचे होईल. पण या स्पष्टीकरणात एक मोठी गोष्ट बसत नाही. गवताळ प्रदेशांचे फार मोठे नुकसान ज्यांनी केले त्यांना त्यात एक पैचाही लाभ नव्हता, त्यांचा हेतू चांगला होता. कच्छमधल्या बन्नीच्या कुरणात १९६१पासून सरकारने वेडी बाभूळ लावली, ती रणाचे आक्रमण रोखण्यासाठी. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरच्या त्या कुरणाचा मोठा भाग तिने गिळला. तिच्या शेंगा खाऊन गुरे आजारी पडतात, तिच्या जाळीखाली गवत उगवत नाही, आणि ज्या मालधारी पशुपालकांनी बन्नीची म्हैस जोपासली त्यांनाच चारा विकत आणायची पाळी आली. तिकडचे लोक तिला 'गांडो बावळ' म्हणजे वेडी बाभूळच म्हणतात. महाराष्ट्रात १९८२ साली सामाजिक वनीकरण खाते आले, पुढे २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला. झाडे लावायची कुठे, तर 'रिकाम्या' जमिनीवर. पुणे-सोलापूर पट्ट्यात किती तरी माळांवर खड्डे खणून ग्लिरिसिडिया, निलगिरी, सुबाभूळ लावली गेली. ती लावणारे शिक्षक, विद्यार्थी, वनमजूर, स्वयंसेवक यांतल्या कोणालाही माळ बळकवायचा नव्हता. जागा रिकामी आहे हे त्यांना शब्दाने सांगितले होते. लोभी माणसाला शब्दाचा आधार लागतो हे खरेच, पण भल्या माणसाची दिशाभूल करण्याची ताकद शब्दात असते, आणि लोभाच्या सिद्धांतातून तिचा उलगडा होत नाही.

याला पूरक असा दुसरा शब्द 'फॉरेस्ट कव्हर', म्हणजे सरकारी मराठीतले वनाच्छादन. दर दोन वर्षांच्या आसपास भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा अहवाल येतो आणि वर्तमानपत्रांत वनाच्छादन वाढले की घटले याचे मथळे झळकतात. या संज्ञेची व्याख्या अशी आहे: एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या पट्ट्यावर झाडांच्या शेंड्यांनी किमान १० टक्के जमीन झाकली आहे तो सगळा वनाच्छादनात, मग जमिनीची मालकी कोणाची आणि झाडे कोणती हे पाहायचे नाही. त्यामुळे हापूसची कलमे, काजूच्या बागा, नारळीपोफळी, रबराचे मळे हे सगळे त्यात मोजले जाते. उलट रेहेकुरीचा काळवीट ज्या माळावर बागडतो त्यावर १० टक्के सावली नाही म्हणून तो बाहेर. व्याख्या लपवलेली नाही, अहवालातच छापलेली आहे, आणि उपग्रहाच्या चित्रावरून मोजायचे तर असा काही निकष लागणारच. तक्रार निकषाबद्दल नाही, आकड्याला जे नाव मिळाले त्याबद्दल आहे. 'झाडांची सावली' असे त्याला म्हटले असते तर मथळा वाचणाऱ्याने त्यावरून निसर्गाच्या प्रकृतीचा अंदाज बांधला नसता.

शब्द बदलल्याने खरोखर काही बदलते का, हे तपासायला उलट दिशेचे उदाहरण हवे, आणि ते आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या संसदेने १८४९, १८५० आणि १८६० साली 'स्वॅम्प' जमिनींचे कायदे केले. केंद्राच्या ताब्यातली दलदल राज्यांना द्यायची आणि त्यांनी ती उपसून, कोरडी करून शेतीखाली आणायची, असा त्यांचा हेतू होता. 'स्वॅम्प' या शब्दात रोगट हवा, डास, चिखल, पडीकपणा सगळे सामावलेले होते, त्यामुळे तो प्रदेश नाहीसा करणे हीच सुधारणा. १९५६ साली तिथल्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाने देशभरातल्या अशा जागांची पाहणी प्रसिद्ध केली, तिच्या शीर्षकात 'वेटलँड्स' हा शब्द होता. ओली जमीन, बस एवढाच अर्थ. चांगली नाही, वाईट नाही. ओली आहे म्हटल्यावर कोणते पाणी, किती दिवस, कोणते पक्षी, पुराचे पाणी किती साठते हे प्रश्न विचारता येऊ लागले. १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी याच शब्दाभोवती आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या कराराच्या यादीत २०२० साली नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले स्थळ आले, त्याच वर्षी लोणार, २०२२ साली ठाण्याची खाडी आणि गोव्यातले कुडचडे परिसरातले नंदा तळे. दलदलीचे पाणथळ झाल्याने बगळ्यांच्या आयुष्यात आपोआप फरक पडला असे कोणी म्हणणार नाही, त्यासाठी माणसे झगडली. पण झगडायला त्यांना पायाखाली जागा मिळाली ती या शब्दाने. आणि शब्दाची हद्द जिथे संपते तिथे संरक्षणही संपते, हेही लगेच दिसले. २०१७च्या आपल्या पाणथळ नियमांनी मीठ पिकवण्यासाठी केलेल्या जागा व्याख्येतून वगळल्या. मुंबईच्या मिठागरांवर रोहित उतरतो, पण या नियमांपुरती ती पाणथळ नव्हेत.

मुंबईचा विषय निघाला म्हणून 'रेक्लमेशन'चाही उल्लेख करायला हवा, कारण हा शब्द मराठी बोलण्यात इतका मुरला आहे की बांद्रा रेक्लमेशनच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला तो इंग्रजीही वाटत नाही. आपली गेलेली वस्तू परत मिळवणे असा त्याचा मूळ अर्थ. समुद्राने मुंबईचे काही घेतले नव्हते. सात बेटांच्या मधली खाडी, तिवरे आणि खाजणे भरून शहर झाले, त्याला मराठीत साधा शब्द आहे, भराव. भराव म्हटले की कशात भर घातली आणि तिथले पाणी कुठे गेले हे विचारावेसे वाटते. मिठी नदीच्या काठच्या खाजणांवर आणि तिवरांवर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा आक्रसलेल्या मिठीच्या पात्रात तो मावला नाही. इतका पाऊस कोणत्याही शहराला जड गेला असता, हे मान्य. तरी पाण्याच्या जागेला आपली हरवलेली जमीन म्हणण्याची सवय त्या आपत्तीच्या कारणांतून वगळता येत नाही.

प्राण्यांच्या बाबतीत हेच काम 'व्हर्मिन' करतो. इंग्लंडमध्ये १५३२ साली आठव्या हेन्रीच्या आणि १५६६ साली एलिझाबेथ राणीच्या राजवटीत धान्यरक्षणासाठी कायदे झाले आणि त्यांत उपद्रवी प्राण्यांच्या मुंडक्यांना बक्षिसे ठरली. त्या यादीत कोल्हा होता, कावळा होता, खंड्या होता, आणि साळिंदरासारखा दिसणारा चिमुकला काटेरी हेजहॉगही होता. हेजहॉग रात्री गाईचे दूध पितो अशी लोकांची समजूत होती. त्याच्या तोंडाचा आकार पाहिला तर ते शक्यच नाही हे कळते, पण यादीत नाव गेल्यावर पुढची दोन-अडीचशे वर्षे चर्चच्या हिशेबवह्यांत त्यांच्या मुंडक्यांचे पैसे मांडले गेले. हीच पद्धत हिंदुस्थानात वाघ, बिबटे आणि लांडगे यांना लागू झाली. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून दाखवले आहे, की १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत बक्षिसांसाठी ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. आज भारतीय लांडग्याची संख्या सुमारे ३,१०० असल्याचा अंदाज आहे. वाघाला पुढे राष्ट्रीय प्राण्याचा मान मिळाला, लांडगा कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात असूनही त्याच्या वाट्याला ना तसा निधी आला ना तशी आस्था. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही 'व्हर्मिन'चे स्वतंत्र परिशिष्ट होते आणि त्यात उंदीर-कावळ्यांबरोबर फळे खाणारी वटवाघळेही होती. मोहाच्या फुलांवर ही वटवाघळे येतात, फळांच्या बिया दूरवर टाकतात. रानाची पेरणी करणारा प्राणी पन्नास वर्षे कायद्याने घाण ठरला होता. २०२२च्या दुरुस्तीने ते परिशिष्ट गेले, मात्र एखाद्या प्राण्याला ठरावीक मुदतीसाठी 'व्हर्मिन' जाहीर करण्याचा केंद्राचा अधिकार कायम आहे. २०१६ साली बिहारमध्ये याच अधिकाराखाली मोकामा भागात दोनशेहून अधिक नीलगाई गोळ्या घालून मारल्या गेल्या.

इथे शेतकऱ्याची बाजू नीट ऐकली पाहिजे, आणि ती हरकत म्हणून नव्हे तर वस्तुस्थिती म्हणून. विदर्भातल्या शेतकऱ्याचे तूर-हरभऱ्याचे शेत रोही (म्हणजे नीलगाई) आणि रानडुकरे एका रात्रीत आडवे करतात. कोकणात माकडे नारळ आणि भाजीपाला ठेवत नाहीत, म्हणून लोकांनी परसातली लागवडच सोडून दिली. जागलीला माचणावर रात्र काढणाऱ्याला शब्दांच्या छटा सांगणे हे त्याच्या दुःखावर डागण्या देण्यासारखे आहे. उपद्रव खरा आहे, भरपाई अपुरी आणि उशिरा मिळते, आणि काही ठिकाणी संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी प्राणी मारणेही रास्त ठरू शकते. पण यातले प्रत्येक वाक्य 'व्हर्मिन' या शब्दाशिवाय म्हणता येते, किंबहुना जास्त नेमकेपणाने म्हणता येते. अमक्या तालुक्यात, अमक्या हंगामात, अमक्या पिकाचे, इतके नुकसान, असे म्हटले की उपायही त्या जागेचा आणि त्या हंगामाचा शोधावा लागतो. 'व्हर्मिन' म्हटले की दोष प्राण्याच्या जातीला चिकटतो. मग रोही शेतात का उतरला, त्याचा माळ कोणी नांगरला, वाघ-लांडगा नाहीसा झाल्यावर त्याची संख्या कशाने आवरायची, हे प्रश्न कामकाजातून गळून पडतात. शेतकऱ्याला याचा तोटाच होतो. दोन-चार दिवस बंदुकीचे आवाज होतात आणि पुढच्या वर्षी कळप पुन्हा उभा असतो.

मग इंग्रजी शब्द टाकून मराठी घ्यावेत का? तसे केल्याने प्रश्न सुटत नाही. 'पडीक', 'पोटखराब', कोकणातले 'वरकस' हे शब्द मराठीच आहेत आणि तेही नावेच ठेवतात. उलट 'इकोसिस्टिम' हा इंग्रजी शब्द १९३५ साली ए. जी. टान्सली यांनी वापरात आणला तो सजीव आणि त्यांच्याभोवतीची माती-पाणी-हवा यांचा एकत्र विचार करण्यासाठी, आणि त्यात कोणाची किंमत ठरवलेली नाही. त्यामुळे छाननी भाषेची करायची नसून शब्दाच्या कामाची करायची आहे. शास्त्राची छाप असलेला शब्दही त्यातून सुटू नये. केंद्र सरकारच्या 'ग्रीन क्रेडिट' योजनेची फेब्रुवारी २०२४मधली कार्यपद्धती पाहा. वृक्षारोपणासाठी वनखात्याने 'डिग्रेडेड' जमिनी शोधाव्यात असे तीत म्हटले होते, आणि त्यांत विरळ वन, झुडपी जमीन आणि 'वेस्टलँड' यांचा नावानिशी समावेश होता. हेक्टरी किमान १,१०० झाडे ही तेव्हाची अट होती. प्रत्येक शब्द हिरवा, हेतू हवामानाचा, आणि परिणाम असा की ज्या माळावर विरळ झाडी हीच निरोगी अवस्था आहे तो बिघडलेला ठरून झाडांखाली गाडला जाऊ शकतो. कार्बन साठवायचा म्हणून हे करावे असाही युक्तिवाद होतो. पण गवताळ प्रदेशाचा बहुतेक कार्बन जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. खड्डे खणताना तो मोकळा होतो, आणि वणवा लागला तर वरची झाडे जळतात, मातीतला साठा मात्र बराचसा टिकतो. खरोखर झिजलेले माळही आहेत, अतिचराईने उघडे पडलेले, मुरमाड झालेले. त्यांना बिघडलेले म्हणायला कोणाचीच ना नाही, फक्त कशाच्या तुलनेत बिघडले ते सांगितले पाहिजे. झिजलेला माळ चांगल्या माळाच्या तुलनेत बिघडलेला असतो, अरण्याच्या तुलनेत नव्हे, आणि म्हणून त्यावरचा उपाय चराईबंदीचा ठरावीक काळ आणि स्थानिक गवतांचे बी हा असतो.

या जमिनींसाठी इंग्रजीत आता 'रेंजलँड' हा शब्द पुढे येतो आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष 'रेंजलँड' आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. हा शब्द जमिनीला तिथे चरणाऱ्या जनावरांशी आणि त्यांना चारणाऱ्या माणसांशी जोडतो, एवढे त्याचे काम चोख आहे. आपल्या २००६च्या वनहक्क कायद्यातही भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. मात्र तो वनजमिनीपुरता. फलटण-इंदापूरकडचा धनगर ज्या वाटेने मेंढरे नेतो, तिच्यावर वनजमीन थोडी आणि गावोगावची गायराने, महसुली पड, पोटखराब जास्त. वनजमिनीवर त्याला निदान हक्क मागता येतो. गायरान एखाद्या प्रकल्पाला दिले जाते तेव्हा तो माळ वापरात होता असे दाखवणारा रकाना महसुलाच्या उताऱ्यात त्याला सापडत नाही. ग्रामसभेला तो त्या गावचा नाही, आणि त्याने तिथे घालवलेल्या महिन्यांची नोंद कोणाच्याच दप्तरात होत नाही.